घानाचा पाऊस आणि बोसुमट्वीचा गाळ

भूगोलाच्या पुस्तकात पश्चिम आफ्रिका येते आणि जाते. घाना: राजधानी अक्रा, पीक कोको, खनिज सोने. तीन जोड्या जुळवल्या की देश संपला. मराठवाड्यातल्या एका शाळेत आम्ही सहावीच्या मुलांसमोर नकाशा पसरला आणि त्यांनाच विचारले, की या देशाबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यावेसे वाटते? थोडी चुळबुळ झाली. मग एकाने विचारले, "तिथं आत्ता किती वाजले असतील?" आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तिथं पाऊस कधी येतो? आणि नाही आला तर?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच काढले. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आम्ही बरेच लांब गेलो. तो प्रवास इथे सांगत आहोत.

आधी घड्याळ. शून्य रेखांशाची रेषा ग्रीनिचहून निघून दक्षिणेकडे येते आणि घानातल्या टेमा या बंदराच्या शहरातून समुद्रात उतरते. राजधानी अक्रा टेमाच्या पश्चिमेला, अगदी जवळ. त्यामुळे घानाचे घड्याळ बाराही महिने ग्रीनिचच्या वेळेवर चालते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. दर पंधरा अंशांना एक तास धरला, तर भागाकार येतो साडेपाच. वर्गात सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे अक्रात पहाटेचे साडेपाच. टेमापासून तीच रेषा बोटाने आणखी खाली नेली, की बोट विषुववृत्ताला भेटते. ही शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशाची जागा. तिथे नुसते पाणी आहे. तिच्यापासून सर्वांत जवळची जमीन घानाचीच: केप थ्री पॉइंट्स नावाचे टोक, सुमारे ५७० कि.मी. दूर.

वेळेचा विषय निघालाच होता म्हणून आणखी एक गंमत सांगितली. घानातल्या अकान लोकांमध्ये मुलाला एक नाव जन्मवारावरून मिळते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी आमा. (ठाणे-पालघरच्या पाड्यांवर मंगळ्या, बुध्या, सुकऱ्या अशी नावे आढळतात, त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.) संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले. वार काढून पाहा, शुक्रवारच येतो. देशाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची जन्मतारीख मात्र २१ सप्टेंबर १९०९ अशी सांगितली जाते, आणि त्या दिवशी येतो मंगळवार! ही तारीख त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूने लिहून ठेवलेली. आईच्या लक्षात होता तो वार. तारीख चुकली असेल, पण नाव चुकलेले नाही. वर्गातल्या दोन मुलींनी हा हिशेब फळ्यावर करून दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एखादी चोरी पकडल्याचा आनंद होता.

आता पाऊस.

घाना आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान, सुमारे २ लाख ३८ हजार चौ.कि.मी. दक्षिणेला गिनीचे आखात आणि उत्तरेला बुर्किना फासो. त्याच्याही पलीकडे सहाराचे वाळवंट. इंग्रजांच्या काळात या प्रदेशाचे नाव गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा असे होते. ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याने एका प्राचीन साम्राज्याचे नाव घेतले. ते जुने घाना साम्राज्य इथे नव्हतेच. ते वायव्येला शेकडो किलोमीटर दूर, आजच्या मॉरिटेनिया आणि मालीच्या सीमेवर होते.

इथला पाऊस आपल्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात सहाराची जमीन तापते, तिच्यावरचा हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे आत शिरतात. विषुववृत्त ओलांडल्यावर ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून येतात. म्हणजे हाही नैर्ऋत्य मोसमी पाऊसच! फरक इतकाच, की पावसाचा पट्टा उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा घानाच्या दक्षिण भागावरून जातो. त्यामुळे दक्षिणेत दोन पावसाळे होतात, एप्रिल ते जुलै मोठा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर लहान. उत्तरेत मात्र एकच. हिवाळ्यात वारे उलटतात आणि सहारावरून हरमाटन नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा वाहू लागतो.

"आणि नाही आला तर?" या प्रश्नाला घानात एक साल चिकटले आहे: १९८३. त्याच्या आदल्या वर्षापासून पाऊस हुलकावणी देत होता. शेते वाळली. कोकोच्या बागांमध्ये वणवे शिरले आणि वर्षानुवर्षे जपलेली झाडे जळून गेली. नेमक्या त्याच वर्षी जानेवारीत शेजारच्या नायजेरियाने परवान्याशिवाय राहणाऱ्या परदेशी लोकांना निघून जाण्याचा हुकूम काढला आणि सुमारे दहा लाख घानावासी माघारी आले. घरी खायला नव्हतेच. उपासमारीने लोकांच्या गळ्याखालची हाडे वर आली. तेव्हा सत्तेवर असलेल्या रॉलिंग्ज यांच्या नावावरून लोक त्या हाडांना 'रॉलिंग्जचा हार' म्हणू लागले. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हा कडवट विनोद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१९८३ सारखा दुष्काळ किती वर्षांनी येतो? त्याहून वाईट कधी आला होता का? पर्जन्यमापकाच्या नोंदी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या. एवढ्याशा नोंदींवरून पावसाचा स्वभाव ठरवणे म्हणजे आठवडाभराच्या हजेरीवरून मुलाची वर्षाची हजेरी ठरवण्यासारखे आहे. सुदैवाने घानात एक फार जुना पर्जन्यमापक आहे. त्याचे तोंड आठ किलोमीटर रुंद आहे आणि तो दहा लाख वर्षांहून अधिक काळ भरतो आहे.

हा पर्जन्यमापक म्हणजे बोसुमट्वीचे तळे. ते कुमासी या शहराच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. जवळजवळ गोल, चहूबाजूंनी झाडीने भरलेले उंच कडे आणि मध्ये शांत पाणी. अशांटी लोकांच्या श्रद्धेनुसार मेलेल्या माणसाचा आत्मा देवाचा निरोप घ्यायला इथे येतो. तळ्याला लोखंडाचा स्पर्श होऊ नये असा जुना नियम होता, आणि नेहमीची होडीही चालत नसे. कोळी 'पादुआ' नावाच्या लाकडाच्या फळीवर बसतात आणि हातांनी पाणी मागे ढकलत जातात. तळ्याच्या जन्माची एक कथाही आहे. एका शिकाऱ्याने हरणाला बाण मारला, हरीण एका लहानशा डबक्यात शिरून नाहीसे झाले, आणि शिकारी तिथेच राहिला.

इथे वाचकांना लोणार आठवले असेल. तेही गोल, तेही खोलगट, आणि लवणासुराची कथा त्याच्याही वाट्याला आलेली. दोन्ही तळ्यांवर शास्त्रज्ञांचा वादही एकच झाला: हे ज्वालामुखीचे तोंड की अशनी आदळून पडलेला खड्डा?

बोसुमट्वीचा निकाल १९६० च्या दशकात लागला, आणि तो कसा लागला हे मुलांना सांगण्यासारखे आहे. पहिला पुरावा कोएसाइट या खनिजाचा. वाळूत असते ते क्वार्ट्झ प्रचंड दाबाखाली सापडले, की त्याच्या अणूंची मांडणी बदलून कोएसाइट बनते. एवढा दाब पृथ्वीच्या पोटात खूप खोलवर असतो, किंवा अशनी आदळण्याच्या क्षणी. ज्वालामुखीच्या तोंडाशी तो नसतो. १९६१ मध्ये बोसुमट्वीच्या खडकांत कोएसाइट असल्याचे जाहीर झाले.

दुसरा पुरावा शेजारच्या देशात पडलेला होता. कोत द'ईव्वार, म्हणजे आयव्हरी कोस्ट, इथे काळ्या काचेचे लहान लहान खडे सापडतात. १९३४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. अशा खड्यांना टेक्टाइट म्हणतात. ती वितळून हवेत उडालेली आणि उडता उडता थिजलेली काच असते. पण उडाली कुठून? खडकात पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार ठरावीक गतीने मोडून आरगॉन वायू तयार होतो. खडक वितळला, की आधी साठलेला आरगॉन निसटतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यामुळे किती आरगॉन साठला हे पाहिले, की शेवटचे वितळणे कधी झाले ते कळते. खड्यांचे वय आणि बोसुमट्वीतल्या वितळलेल्या खडकाचे वय सारखेच निघाले. आजच्या मोजणीनुसार ते सुमारे १० लाख ७० हजार वर्षे आहे. रासायनिक घडणही जुळली. पुढे आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळातही याच काचेचे सूक्ष्म कण मिळाले. तळे घानात, त्याचे शिंतोडे शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या देशात आणि समुद्रात, असा हा पसारा.

लोणारचा निकाल लागायला थोडा अधिक वेळ लागला. तिथे छिद्रे पाडून काढलेल्या खडकात आघाताने काचेसारखे झालेले मॅसकेलिनाइट मिळाले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लोणारचा खड्डा १.८ कि.मी. रुंदीचा, तर बोसुमट्वीचा १०.५ कि.मी. लोणारचे महत्त्व वेगळे आहे. तो बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात पडलेला आहे, आणि असे खड्डे पृथ्वीवर फार थोडे आहेत.

वर्गात हे करून पाहता येते. परातीत चार बोटे गव्हाचे पीठ पसरा, वर हळदीचा पातळ थर चाळून घ्या आणि उंचावरून गोटी सोडा. पिवळ्या थरावर पांढरे फराटे बाहेर उडालेले दिसतील, तेच आपले टेक्टाइट. गोटी तिरकी फेकली तरी खड्डा बहुधा गोलच का होतो, हे मुले आपणहून विचारतात. परातीतल्या प्रयोगात तो पुष्कळदा लांबटच होतो, कारण आपली गोटी फार सावकाश जाते. खरा अशनी सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येतो. तो खड्डा खणत नाही, तर आदळल्यावर स्फोट होतो आणि स्फोटाचा खड्डा गोल असतो. हा फरक मुलांपासून लपवू नये. प्रयोग कुठे खरा आहे आणि कुठे थांबतो, हे सांगण्यातच निम्मा धडा होतो.

आता या खड्ड्याचा पर्जन्यमापक कसा झाला ते पाहू. बोसुमट्वीतून एकही नदी बाहेर पडत नाही. बाहेरची नदी आतही येत नाही. वरून पडणारा आणि आतल्या उतारांवरून घरंगळणारा पाऊस हीच जमा, आणि उन्हाने होणारी वाफ हाच मुख्य खर्च. पाऊस वाढला की पाणी चढते. विसाव्या शतकात ते असे चढले, की काठची काही गावे उचलून वर न्यावी लागली. पाऊस घटला की पाणी उतरते.

या जमाखर्चाची वही तळाशी असते. पाण्याची खोली सुमारे ७८ मीटर आहे, आणि खालच्या थरात प्राणवायू नाही. त्यामुळे तळाचा चिखल उकरणारे किडे तिथे जगत नाहीत आणि दर वर्षी बसणारा गाळाचा केसासारखा पातळ थर जसाच्या तसा राहतो. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे हे थर मोजता येतात. शिवाय त्यांत ऑक्सिजनची नोंद असते. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार आहेत. पाण्याची वाफ होताना हलका आधी निघून जातो आणि जड मागे राहतो. ज्या थरातल्या चुनखडीत जड ऑक्सिजन जास्त, तो थर कोरड्या वर्षांचा. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने तळ्यावर तरंगता मंच उभारून गाळातून थेट खालच्या खडकापर्यंत छिद्रे पाडली. गाळाची जाडी जवळजवळ तीनशे मीटर भरली.

या गाळाच्या वरच्या भागातून सुमारे तीन हजार वर्षांचा पाऊस वाचला गेला आणि २००९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काही दशके टिकणारे दुष्काळ तिथे पुन्हा पुन्हा येत राहिले आहेत, अटलांटिक महासागराच्या पाण्याच्या तापमानातल्या चढउताराबरोबर. १९७० आणि १९८० च्या दशकांत सहाराच्या कडेला जो दुष्काळ पडला, तो यांपैकीच एक. पण मधूनमधून त्याहून फार मोठे, शतकभर किंवा अधिक चाललेले दुष्काळही दिसतात. त्यांतला शेवटचा साधारण इ.स. १४०० ते १७५० चा. याची साक्ष द्यायला झाडे उभी आहेत. बोसुमट्वीच्या पाण्यातून जुन्या झाडांची वाळकी खोडे डोके वर काढून आहेत. ती उगवली तेव्हा तिथे कोरडी जमीन होती. पाणी इतके उतरले होते आणि इतकी वर्षे खालीच राहिले होते, की तळ्याच्या पात्रात जंगल वाढले!

म्हणजे ज्या १९८३ ची आठवण घानात आजही काढली जाते, तो या वहीतला एक किरकोळ खर्च आहे.

आणि हे कळण्याच्या कितीतरी आधीच देशाने आपली बरीचशी मदार पावसावर ठेवली होती. व्होल्टा नदीवर अकोसोम्बो इथे १९६१ ते १९६५ या काळात धरण बांधले गेले. जानेवारी १९६६ मध्ये एन्क्रुमांनी त्याचे उद्घाटन केले; पुढच्याच महिन्यात ते परदेशी असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथली. धरणामागे पसरलेला जलाशय सुमारे साडेआठ हजार चौ.कि.मी. आहे. आपला जायकवाडीचा नाथसागर साडेतीनशे चौ.कि.मी.च्या आसपास, म्हणजे चोवीस नाथसागर एका ठिकाणी. सातशेहून अधिक गावे पाण्याखाली गेली आणि सुमारे ८० हजार माणसे ५२ नव्या वसाहतींत हलवली गेली. 'धरणग्रस्त' हा शब्द मराठीला शिकवावा लागत नाही. आम्हाला खटकते ते हे: सुरुवातीची बरीचशी वीज टेमातल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याला जात होती, आणि घानात बॉक्साइट असूनही त्या कारखान्याचा कच्चा माल बाहेरून येत होता.

पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. वाहत्या नदीत न टिकणाऱ्या गोगलगायी संथ पाण्यात, पाणवनस्पतींवर भराभर वाढल्या. या गोगलगायींच्या अंगात बिल्हार्झिया रोगाचा कृमी वाढतो. तो पाण्यात उतरतो आणि खेळायला, पाणी भरायला आलेल्या मुलांच्या कातडीतून आत शिरतो. लघवीतून रक्त जाऊ लागते. काठच्या काही गावांत दहापैकी नऊ मुलांना हा रोग झाल्याचे धरणानंतर थोड्याच वर्षांत आढळले. औषध आहे, पण पुन्हा पाण्यात उतरले की पुन्हा लागण होते.

१९८३ च्या दुष्काळात हा अवाढव्य जलाशयही आटला. वीज कापावी लागली आणि कारखाना बंद पडला. पुढे १९९८ आणि २००७ मध्येही पाण्याअभावी विजेचे हाल झाले. उलट, २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वरच्या भागात इतका पाऊस झाला, की धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या गावांतील पंचवीस हजारांहून अधिक लोक बेघर झाले. आता घानातली निम्म्याहून अधिक वीज नैसर्गिक वायूसारख्या इंधनांवर तयार होते, धरणाचा वाटा त्याखालोखाल. कोकोला मात्र असा पर्याय नाही. त्याला पाऊसच लागतो.

हे सगळे आम्ही त्या वर्गात पुन्हा जाऊन सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो अपेक्षितच होता: "मग लोणारच्या गाळात काय लिहिलंय?"

तेही वाचले गेले आहे. लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढून त्याचा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गेल्या अकरा-बारा हजार वर्षांत मध्य भारतातला मोसमी पाऊस दोनदा दीर्घकाळ मंदावला होता, असे त्यात दिसते. एकदा सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान. मुलांनी हे आकडे वहीत उतरवून घेतले. मग एकाने हिशेब मांडून पाहिला, की दुसऱ्या वेळी इथे कोणाचे राज्य होते, आणि त्यांनी विहिरी किती खोल खणल्या असतील.